मॅडम, गाणी वाटली म्हणून तुरुंगात टाकतील का?

समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न इंदूरच्या कॉलेजांतली मुलं विचारतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे आईवडील. गोष्ट बहुधा सारखीच असते. मुलाने वसतिगृहाच्या वायफायवरून टॉरेंटने, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून फाइली घेण्याच्या पद्धतीने, गाणी उतरवली, सगळ्यांसाठी फोल्डर खुलं ठेवलं आणि एक दिवस कॉलेजची नोटीस आली. मग घरातली झोप उडते.

धारहून शिकायला आलेला एक मुलगा अशीच नोटीस खिशात घेऊन आला. भंवरकुआँजवळच्या वसतिगृहात राहायचा. जेवण सुटलेलं, हार्ड डिस्क पुसून टाकलेली. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ त्याला तोंडपाठ होतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. मी म्हटलं, त्याच कलमात पुढे आहे तेही वाच. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर सबळ कारणं नोंदवून न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकतं. शिवाय तुझ्या हातातला कागद न्यायालयाचा नाही, कॉलेजचा आहे. ते त्याला पटलं, पण हात थरथरायचे थांबले नाहीत.

पटूनही भीती जात नाही, तेव्हा ती दुसऱ्याच कशाची तरी असते, असं मी मानते. मी कायदा बाजूला ठेवला.

“तुरुंग डोळ्यांपुढे येतो तेव्हा काय दिसतं?”

तो बराच वेळ गप्प होता. “तुरुंग नाही दिसत, मॅडम. मेस दिसते. मी ताट घेऊन उभा आहे आणि कोणी सरकून जागा करत नाही.”

मग तो भडाभडा बोलला. पहिल्या वर्षी त्याच्याशी कोणी बोलत नसे. त्याच्याकडे गाणी आहेत हे कळलं आणि रात्री दारावर थापा पडू लागल्या. “गाणी होती म्हणून मी होतो.”

हे वाक्य त्याच्या तोंडून आलं आणि मला वाट सापडली. इतकी वर्षं या खुर्चीत बसून मी हेच शिकले आहे: मूल इतरांना काय देत होतं हे कळलं की त्याला काय हवं होतं तेही कळतं. त्याला मी घरी करायला एकच गोष्ट दिली. रोजच्या वेळी मेसमध्ये जायचं आणि नोटिशीबद्दल एका मित्राला स्वतः सांगायचं. खोलीतल्या मित्राला त्याने सांगितलं. त्या मित्राने कॉलेजला द्यायच्या खुलाशाचा मसुदा वाचून दिला आणि पुढे कॉलेजने नेट बंद केलं तेव्हा अभ्यासापुरता आपला हॉटस्पॉटही दिला.

“पण सगळेच करतात ना?” असंही त्याने विचारलं होतं. तिथे मी सूट दिली नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या पैशातला, वाटा कायद्याने पक्का केला. फुकट वाटलेल्या गाण्यातून त्यांना काहीच मिळत नाही. आणि टॉरेंटने गाणं उतरत असतानाच त्याचे तुकडे आपल्याकडून इतरांकडे जात असतात, त्यामुळे ‘मी फक्त ऐकलं’ हा बचाव खरा नसतो. मुलाची भीती घालवताना त्याची जबाबदारी घालवू नये.

त्याचे आईबाबा प्राचार्यांना भेटायला निघाले होते. मी थांबवलं. खुलासा त्याने स्वतः लिहिला: काय केलं, डिस्क का पुसली, पुढे काय करणार नाही.

पालकांनी आधी कागद कुणाचा आहे ते बघावं. कॉलेजचा असेल तर मुलाला खरं लिहू द्यावं. न्यायालयाचा किंवा पोलिसांचा असेल तर त्याच दिवशी वकील गाठावा, आणि नोटीस आल्यावर काहीही पुसू नये. फोनवर कुणी पोलीस असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, म्हणत पैसे मागितले तर फोन ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी. अशी अटक कायद्यात नाहीच. आणि घाबरलेल्या मुलाला ‘असं केलंसच का’ हे विचारण्याआधी, हल्ली कुणाबरोबर जेवतोस, ते विचारावं.