पायपेटीतला ‘पाय’ आणि ऑर्गनचा ‘पाइप’

प्रश्न असा आला आहे : एका जर्मन कथेच्या अनुवादात एका ताईंनी ‘तो चर्चमध्ये पायपेटी वाजवत होता’ असं लिहिलं. संपादकांनी पायपेटी खोडून ‘पाइप ऑर्गन’ केलं. ताई विचारतात, संगीत नाटकातल्या ऑर्गनला जुनी माणसं सर्रास पायपेटी म्हणत, मग इथे काय बिघडलं? आणि ‘पायपेटी’ हा ‘पाइप-पेटी’चाच अपभ्रंश तर नाही ना?

अपभ्रंश नाही. पायपेटीतला पाय आपलाच, गुडघ्याखालचा. हाताने भाता मारायची ती हातपेटी, पायाने मारायची ती पायपेटी. पाइप तर त्या वाद्यात एकही नसतो. आत असतात पितळी रीड, हवा गेली की थरथरणाऱ्या. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत, म्हणजे गंधर्व मंडळीत, तिरखवाँसाहेबांच्या तबल्याबरोबर जो ऑर्गन सूर धरायचा, तोही रीडचाच. (काटेकोर वादक ऑर्गन आणि पायपेटी यांतही फरक करतात : पायपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनचा आत ओढून घेतो.) गंमत म्हणजे अशा काही अमेरिकन ऑर्गनांच्या माथ्यावर नुसत्या शोभेच्या नळ्या बसवलेल्या असत. वाजायच्या नाहीत, पण चर्चचा थाट यायचा.

खरी गफलत पायांच्या कामात आहे. पायपेटीवाल्याचे पाय हवा भरतात आणि सूर बोटं काढतात. चर्चच्या ऑर्गनवर वादकाचे पायही सूर वाजवतात. बाकाखाली लाकडी पट्ट्यांची एक आख्खी ओळ असते, खर्जातली चाल टाचा आणि चवडे तिथे काढत असतात. मग हवा कोण भरतं? विजेचे पंखे येईपर्यंत ते काम दुसऱ्याच माणसांचं होतं. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या कॅथीड्रलमध्ये 1361 साली बांधलेल्या ऑर्गनला 20 भाते होते आणि ते तुडवायला 10 माणसं लागत, असं जर्मन संगीतकार प्रेटोरियसने 1619 मध्ये नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा ताईंच्या कथेत मागच्या बाजूला घाम गाळणारा कुणी असेल, तर त्याच्यासाठी ‘भाता तुडवणारा’ हा शब्द चपखल बसेल.

आता ‘पाइप’. मूळ लॅटिन क्रियापद चिवचिवण्याचं. त्यावरून आधी फुंकून वाजवायची नळी आणि मागाहून पाण्याची. आपल्या ‘पिपाणी’तही तोच पींपीं आवाज आहे. उलट ‘पेडल’ हा शब्द लॅटिनमधल्या पायावरून आला आणि तो मात्र संस्कृत ‘पाद’चा, म्हणजे आपल्या ‘पाय’चा सख्खा नातलग. म्हणजे ताईंना नातं लागलं ते चुकीच्या शब्दाशी.

‘ऑर्गन’ हा ग्रीक ‘ऑर्गानोन’वरून आला. अर्थ साधन, अवजार. शरीराचं साधन तो अवयव, संगीताचं साधन ते वाद्य. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘चर्चमधील अवयव’ भेटतात ते यामुळेच. अर्थात जर्मन संगीतकार आणि ऑर्गनवादक बाखला ते फारसं खटकलं नसतं. नवा ऑर्गन तपासायला बोलावलं की तो आधी सगळे स्वरसंच (एकेका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचे गट) एकदम उघडून वाजवायचा आणि म्हणायचा, आधी बघू दे याची फुप्फुसं धड आहेत का!

हाच ग्रीक शब्द अरबी-फारसीत ‘अर्गनून’ झाला आणि गोव्याच्या वाटेने अकबराच्या दरबारात पोचला. हाजी हबीबुल्लाने गोव्याहून आणलेल्या ऑर्गनचं वर्णन अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनीने केलं आहे : माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून एक फिरंगी वाजवतो आणि बाहेर आणखी दोघं त्याच्या मदतीला. वाद्य पाइपचं, पण पाहणाऱ्याला दिसली पेटीच! त्यामुळे ताईंनी पेटी म्हटलं याचा मला राग नाही. माझी हरकत फक्त ‘पाय’ला आहे.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. आपला गवय्या ‘काळी चार’ म्हणतो, ‘पांढरी एक’ म्हणतो. स्वराची उंची पट्टीच्या रंगावरून सांगायची ही रीत पेटीमुळे पडली. आणि ती पट्ट्यांची रांग मुळात ऑर्गनसाठीच घडली. सप्तकातले बाराही स्वर असलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात पट्ट्या त्या हाल्बरश्टाटच्याच. ऑर्गनवाले स्वतः मात्र रंग नाही, लांबी सांगतात : 8 फुटी, 16 फुटी, 32 फुटी. नळी दुप्पट लांब केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. तिथेही ‘फूट’ म्हणजे पाऊलच.

तर अनुवादात पहिल्यांदा ‘पाइप ऑर्गन’ लिहा, पुढे नुसतं ‘ऑर्गन’ चालेल. वाजवणारा तो ‘ऑर्गनवादक’. ‘नळीवाद्य’ वगैरे घडवू नका, वाचकाला बासरी दिसेल. आणि जमलं तर मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये एक चक्कर मारा. दोन्हीकडे पाइप ऑर्गन आहेत, आणि या खेपेच्या नळ्या शोभेच्या नाहीत.