स्मरणशक्तीची बाटली घेण्याआधी

आपण परभणीहून विचारले आहे की, ६८ वर्षांचे वडील अलीकडे विसरू लागले आहेत, मुलगी लातूरला खोली करून नीटची तयारी करते आहे पण तिचे अभ्यासात लक्ष लागत नाही, शंखपुष्पीची एक बाटली तर आणूनही ठेवली आहे, तर दोघांनाही चालेल असे नैसर्गिक सप्लिमेंट कोणते? वडिलांना दहा वर्षांपासून साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, गेल्या वर्षीच्या अँजिओप्लास्टीपासून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आणि त्यांच्या जोडीला रोज सकाळी पित्ताची एक गोळी आहे, हेही आपण लिहिले आहे. ते लिहिले हे फार बरे केले, कारण माझे अर्धे उत्तर त्या एका वाक्यातूनच निघते. मी लातुरात २२ वर्षांपासून औषधांचे दुकान चालवतो. डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही, फार्मासिस्ट आहे. दोघांनाही चालेल असे एक औषध माझ्या कपाटात नाही, आणि कोणी तसे आहे म्हणून आपल्या हाती दिले तर ते घेऊ नये, असे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो.

वडिलांपासून सुरुवात करतो, कारण हा प्रसंग माझ्याच घरी घडून गेला आहे. माझे वडील माळकरी. तिशीत माळ घातली तेव्हापासून मांस, मासे, अंडी बंद; दूधही चहापुरतेच. साठीनंतर साखर निघाली आणि मेटफॉर्मिन सुरू झाली. काही वर्षांनी ते गावातल्या माणसांची नावे विसरू लागले, दुकानात गल्ल्यावर बसले की शंभराची मोड दोनदा मोजून तिसऱ्यांदाही चुकवू लागले. मी औषधवाला असल्यामुळे मला फार शहाणपण सुचले आणि मी त्यांना ब्राह्मीवटी सुरू केली. आठ महिने दिली. त्या काळात एक गोष्ट मला रोज दिसत होती आणि तरी दिसत नव्हती: चालताना त्यांच्या एका पायातली चप्पल निघून मागे राहायची आणि ते चार पावले तसेच पुढे जायचे; चप्पल निघाल्याचे त्यांना कळतच नसे. अखेर एका फिजिशियनने पायाची संवेदना तपासली, जेवणाखाण्याची चौकशी केली आणि जीवनसत्त्व ब-१२ ची तपासणी लिहून दिली. आकडा आला ११२. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली तो कमतरतेचा धरतात. इंजेक्शने सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत हिशेब पुन्हा जुळू लागला, नावे आठवू लागली. तळव्यांची बधिरता मात्र पुरती गेली नाही, कारण मज्जातंतूंची हानी फार दिवस चालू राहिली तर ती सगळी भरून येत नाही. ते आठ महिने माझ्या खात्यावर आहेत.

ब-१२ वनस्पतींपासून मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण कमी होते, आणि पित्ताच्या गोळ्या, म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या, जठरातले आम्ल दाबतात म्हणून अन्नातून ब-१२ सुटे होण्याची क्रियाच मंदावते. आपल्या वडिलांकडे ही दोन्ही कारणे एकत्र आहेत. ते शाकाहारी असतील तर तीन झाली. म्हणून कोणतीही बाटली आणण्याआधी ब-१२, थायरॉइडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन या तपासण्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. थायरॉइड मंदावले तरी माणूस विसराळू आणि सुस्त होतो, आणि घरचे त्याला वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. रक्त देण्याआधी बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिन सुरू करू नये, कारण मग आकडा फुगलेला दिसतो आणि खरी स्थिती झाकली जाते. नुसते फॉलिक ॲसिडही आपल्या मनाने देऊ नये. त्याने रक्तातली लक्षणे सुधारतात, पण ब-१२ ची उणीव तशीच राहून मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

आता आपण ज्यांची नावे विचारली त्या वनस्पतींकडे येतो, आणि त्यांत ब्राह्मीवर थोडा अधिक थांबतो, कारण दुकानात सर्वांत जास्त मागणी तिलाच असते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धीला हितकर अशी चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. या चारांत ब्राह्मी नाही, हे ऐकून अनेक ग्राहक चकित होतात. गंमत अशी की बाजारात ब्राह्मी या एकाच नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. एक जाड, लहान पानांची, पाणथळ जागी पसरणारी बॅकोपा मोनिएरी, आणि दुसरी गोल पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजे चरकातली मंडूकपर्णी. आधुनिक चाचण्या बहुतांशी पहिलीवर झाल्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही तिच्यावर आणि तिच्यातल्या बॅकोसाइड या घटकांवर बरीच वर्षे काम झाले. म्हणून लेबलवर लॅटिन नाव पाहिल्याखेरीज आपण नेमके काय विकत घेतो आहोत हे कळत नाही.

या चाचण्यांचे निष्कर्ष मला प्रामाणिकपणे असे मांडता येतील: अभ्यास लहान आहेत, त्यांत साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क रोज बारा आठवडे दिलेला असतो, आणि काही चाचण्यांत लक्ष देण्याचा वेग किंवा शिकलेले आठवण्याची क्षमता थोडी सुधारलेली दिसते. थोडी, आणि तीही तीन महिन्यांनी. माझ्या समोर आता एका सिरपची बाटली आहे. दर्शनी बाजूला मेंदूचे चित्र आणि प्रकाशाचे वलय आहे; मागे, भिंग लावून वाचावे लागेल अशा अक्षरांत, दहा मिलिलिटरमध्ये चौदा वनस्पती असल्याचे लिहिले आहे आणि त्यांतली ब्राह्मी ५० मिलिग्रॅम आहे. ती अर्काच्या रूपात आहे की साध्या चूर्णाच्या, याचा उल्लेख नाही. त्याखाली 'साखर, आवश्यकतेनुसार'. चाचणीतल्या ब्राह्मीचा आणि या ब्राह्मीचा संबंध आडनावापुरताच उरतो. एप्रिलमध्ये गावाकडून आलेले एखादे आईवडील 'लेकराची परीक्षा आलीय, आठवणीत राहायचं काहीतरी द्या' म्हणून हीच बाटली मागतात. महिन्याभरात परीक्षा असेल तर बारा आठवड्यांचे औषध कसे लागू पडणार, हे मी त्यांना सांगतो. काही जण ऐकतात, काही शेजारच्या दुकानात जातात. ब्राह्मीने काहींना मळमळ, पोटात मुरडा आणि पातळ शौच होते, हेही परीक्षेच्या तोंडावर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शंखपुष्पी घरोघर निर्धोक मानली जाते. तरीही ज्यांना फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे त्यांच्यात शंखपुष्पीच्या तयार औषधामुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी घसरल्याचे आणि आटोक्यात असलेले झटके परत आल्याचे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्या घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर ही बाटली त्या घरात नको.

जिन्को या झाडाच्या पानांच्या कॅप्सूल वडिलांसाठी ऑनलाइन मागवाव्या का, असे आपण विचारले आहे. याचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना, त्यांतील निम्म्यांना जिन्को १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि उरलेल्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी देऊन, सुमारे सहा वर्षे पाहिले गेले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. जिन्को घेणाऱ्यांत २७७ जणांना आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, म्हणजे जिन्कोने तो टळला नाही. उपयोग नाही एवढेच असते तर पैसे गेले म्हणून सोडून दिले असते. पण जिन्को रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकतो, आणि आपल्या वडिलांना अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळ्या चालू असणार. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हळदीच्या अर्काच्या जोरदार कॅप्सूलबद्दलही, ज्यांत शोषण वाढावे म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, मी त्यांना हेच सांगेन. वरणातली हळद वेगळी, ती खुशाल खावी.

अश्वगंधा तणाव आणि झोपेसाठी लोक घेतात आणि काहींना तिने बरे वाटते, हे मी नाकारत नाही. पण ती थायरॉइडच्या संप्रेरकांत फरक घडवू शकते, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गर्भवतींनी ती घ्यायची नसते, आणि डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. वडिलांची टीएसएच कळण्याआधी ती सुरू करण्यात शहाणपण नाही.

माशांच्या तेलाची गोष्ट अशी की मासे खाणाऱ्या समाजांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो म्हणून त्याच्या कॅप्सूलकडून मोठी आशा होती. मात्र अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन हजार वृद्धांना पाच वर्षे ओमेगा-३ देऊन पाहिले तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही, असे २०१५ साली जाहीर झाले. शाकाहाऱ्यांना जवसातून जे ओमेगा-३ मिळते त्याचे मेंदूला लागणाऱ्या रूपात फारच थोडे रूपांतर होते. तरीही आपल्याकडे भाकरीबरोबर जवसाची किंवा कारळ्याची चटणी पूर्वीपासून आहे, ती चांगलीच आहे. तिच्याकडून स्मरणशक्तीची हमी तेवढी मागू नये.

'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना' हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो. वेखंड आपल्या सगळ्यांच्या बाळगुटीत उगाळलेले आहे, वाचा फुटावी आणि बुद्धी यावी म्हणून. त्यातल्या बीटा-असारोन या घटकाने उंदरांत गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली ते खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई केली. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या २००८ च्या तपासणीत सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. यावरून सगळे आयुर्वेद वाईट असा अर्थ मी काढत नाही. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसलेली पुडी मात्र घेऊ नये, मग ती देणारा कितीही ओळखीचा असो.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. लातुरात खोली करून राहणाऱ्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या खालच्या पापणीचा आतला भाग पाहिला तरी पुष्कळदा कळते. सकाळी उपाशीपोटी क्लास, दुपारी मेसचा डबा अर्धा टाकलेला, त्यावर लगेच चहा, रात्री बारापर्यंत अभ्यासिका आणि पहाटे पाचला गजर. तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लक्ष न लागण्याचे कारण तिथेच सापडण्याचा संभव मोठा आहे, आणि लोहाची गोळी ब्राह्मीच्या सिरपपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि चहापासून निदान तासभर लांब घ्यावी, कारण चहातली टॅनिन लोह बांधून ठेवतात. लिंबू पिळलेल्या पालेभाजीने उलट फायदा होतो. चहातले कॅफिन लक्ष टिकवायला खरोखर मदत करते, या सगळ्या यादीत तत्काळ गुण देणारे तेवढेच एक आहे. पण ते अर्धे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून रात्री नऊचा कप दोन वाजताही अर्धा अंगात असतो आणि दिवसभर वाचलेले ज्या झोपेत पक्के व्हायचे ती झोपच तो खातो. सायंकाळनंतर चहा बंद आणि सात तास झोप, एवढे तिने पंधरा दिवस करून पाहावे.

वडिलांच्या तपासण्या व्यवस्थित आल्या आणि विसरणे तरीही वाढत राहिले, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा पैशांचा व्यवहार न जमणे असे होऊ लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली, त्यांत मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणे ही आहेत. सप्लिमेंटची उणीव त्या यादीत नाही. टीव्हीचा आवाज ते फार मोठा ठेवत असतील तर कानही तपासून घ्यावेत.

आपण आणून ठेवलेल्या शंखपुष्पीच्या बाटलीचे सील फोडले नसेल तर बिल घेऊन दुकानदाराकडे जावे. ओळखीचा असेल तर बहुधा परत घेईल. साखर असलेल्या वडिलांना ते गोड सिरप तसेही चालणार नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, पित्ताचीसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात, कारण पित्ताची गोळी औषधात मोजायची असते हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.