खलाशांच्या टॅटूला खरंच काही अर्थ असतो का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून आला तो मनगटावर भिंगरी काढून, आई दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीये, तर याला काही अर्थ असतो की नुसती फॅशन. अर्थ असतो. मी स्वतः बारा वर्षं बोटीवर आहे, डेकवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंगरी म्हणजे स्वॅलो, दुभंगलेल्या शेपटीचा छोटा पक्षी. जुना हिशोब असा की 5000 नॉटिकल मैल समुद्र कापला की एक भिंगरी, म्हणजे साधारण 9260 किलोमीटर. शिडाच्या जहाजांच्या काळात एवढ्यासाठी महिने जायचे, आता न्हावा शेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅमला गेलं की एका दमात 6000 च्या वर होतात, त्यामुळे आकड्याला पूर्वीचं वजन राहिलं नाही. पण हा पक्षी लांब जातो आणि दरवर्षी परत आपल्या जागी येतो, खलाशी त्याला धरून बसले ते यासाठी. काही जण निघताना एक काढतात आणि सुखरूप आल्यावर दुसरी. आणि बुडून मेलाच कोणी तर भिंगऱ्या त्याचा जीव घरी पोचवतात असंही जुने लोक मानायचे.

बाकी नांगर म्हणजे अटलांटिक पार केला, कासव म्हणजे विषुववृत्त ओलांडलं. पूर्ण शिडं उभारलेलं जहाज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घातला, पण 1914 ला पनामा कालवा सुरू झाल्यावर तिकडून जायची गरजच फारशी उरली नाही. एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा काढायचे, का तर जहाजावर ही जनावरं लाकडी खोक्यांत असायची, जहाज बुडालं तरी खोकी तरंगत किनाऱ्याला लागायची, म्हणून बुडण्यापासून राखण. मला सगळ्यात पटतं ते बोटांवरचं ‘होल्ड फास्ट’, इंग्रजीत आठ अक्षरं, अंगठे सोडून आठ बोटांवर एकेक. घट्ट धरून ठेव. रात्री तीन वाजता पावसात, जहाज हलतंय, पायलट लॅडरवर, म्हणजे जहाजाच्या कडेला सोडलेल्या दोराच्या शिडीवर, माणूस आहे आणि मी वर दोर धरून उभा, तेव्हा ते हातावर का लिहायचं हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी आईंना नक्की सांगा. पूर्वी ब्रिटिश नौदल अमेरिकन खलाशांना आपलेच म्हणून जबरदस्तीने उचलून न्यायचं, म्हणून 1796 मध्ये अमेरिकेने कायदा करून त्यांना नागरिकत्वाचे दाखले द्यायला सुरुवात केली. त्या दाखल्यात उंची, वर्ण, जखमांचे व्रण यांच्यासोबत टॅटूपण लिहिलेले असायचे. कागद भिजतो, हरवतो, अंगावरची खूण राहते. आणि समुद्रात गेलेला माणूस कितीतरी दिवसांनी किनाऱ्याला लागला आणि चेहरा ओळखू येत नसला तर हातावरच्या खुणेवरून तरी कळायचं की हा आमचाच.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आजीच आठवली. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं आणि ती म्हणायची, दागिने इथेच राहतात, मेल्यावर सोबत येतं ते गोंदण. म्हणजे दापोलीच्या बाईचं आणि तिकडच्या खलाशाचं बोलणं एकच निघालं. ब्राझीलच्या सांतोसहून साखर घेऊन युरोपला गेलो तेव्हा माझा अटलांटिक झाला, मग मी दंडावर नांगर काढून घेतला, आणि नांगराखाली आजीच्या हनुवटीवर होते तसे तीन ठिपके. आजी तोवर गेली होती. ती गेली तेव्हा मी भर समुद्रात होतो, तिसऱ्या दिवशी मेसेज मिळाला. त्या ठिपक्यांचा अर्थ कुठल्याच यादीत मिळणार नाही, तो माझ्याजवळ आहे.

आमचा एक फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता, त्याच्या पोटरीवर नुसते आकडे, अक्षांश-रेखांश. मला आधी वाटलं कुठल्यातरी वादळाची जागा असेल. विचारलं तर म्हणाला, माझ्या घराचं दार.

त्यामुळे याद्या वाचून भावाच्या हाताचा अर्थ लावू नका, त्यालाच विचारा, आईंसमोर विचारा. कुठल्या पोर्टला काढली, त्याआधी काय झालं होतं, कोण होतं सोबत. घरी आल्यावर आम्हाला पगार किती आणि परत कधी जाणार एवढंच विचारतात हो, तो बोलायला लागला तर तासभर बोलेल. आणि भिंगरी एकच असेल तर दुसरी काढायची बाकी आहे का तेही विचारा.