आईला एकटी ठेवून जर्मनीला जाऊ का, असं विचारणाऱ्या मुलीला

तुझी अडचण मला कळली ती अशी: तो तीन वर्षं श्टुटगार्टला आहे, लग्न करून तिकडेच ये म्हणतो. कोल्हापुरात आई एकटी आहे आणि बाबा गेल्यापासून तिचं सगळं तूच बघतेस. तो विचारतो, ‘अजून किती थांबायचं?’ आई काहीच बोलत नाही, आणि तेच तुला जास्त लागतं.

मी कराडची, २०१५ साली लग्न करून म्युनिकला आले. कागदपत्रांचं त्यामानाने सोपं आहे. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना असेल, तर बायकोला व्हिसासाठी जर्मनची ए-वन ही अगदी पहिल्या पायरीची परीक्षा सक्तीची नाही. तरी भाषा शिकूनच ये. त्या व्हिसावर नोकरी करता येते आणि तुला ती करावीच लागेल.

खरी ओढाताण इकडे आल्यावर सुटीवरून सुरू होते. वर्षातून एकदा तीन आठवडे गावी जायचं, त्यातले माहेरी किती आणि सासरी किती? पहिली दोन वर्षं मी सासरी दोन आठवडे राहिले आणि कराडला पाच दिवस. तसं कुणी सांगितलं नव्हतं, मीच धरून चालले होते. बॅग भरताना आई म्हणाली, “उद्याच गं?” परत आल्यावर तीन महिने मी नवऱ्याशी धड बोलले नाही आणि त्या बिचाऱ्याला कारणच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर पुढच्याच वर्षी त्याने दिवस निम्मेनिम्मे केले.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. फोन आला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते, तिकडे साडेसहा. माझ्या खात्यात तिकिटापुरतेही पैसे नव्हते, नवऱ्याकडे मागावे लागले. त्याने लगेच तिकीट काढलं, पण त्या क्षणी मागावं लागलं हे मी अजून विसरले नाही. एका तिकिटाचे पैसे कायम तुझ्या नावावर ठेव, मोडू नकोस.

आईला नंतर इकडे आणू, यावर भिस्त ठेवू नकोस. पाहुणी म्हणून तिला १८० दिवसांत ९० दिवस राहता येईल. १ मार्च २०२४पासून ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, त्यांना आईवडील आणि सासूसासरे आणण्याची वाट कायद्याने उघडली आहे. पण तुझा होणारा नवरा तीन वर्षांपूर्वी आला असेल तर त्याच्या पहिल्या परवान्यावरची तारीख नीट बघा. शिवाय आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि उतारवयात तो मिळवणं फार जड जातं.

त्याला लग्नाआधी स्पष्ट विचार: आई आजारी पडली आणि मी दोन महिने तिकडे राहिले तर चालेल का? ‘बघू गं तेव्हा’ यावर समाधान मानू नकोस.

आईला मात्र ‘जाऊ का?’ असं विचारू नकोस. नाही म्हणाली तर तुझं लग्न अडवल्याचा दोष तिच्या माथी येईल, आणि हो म्हणाली तर तुला ते खरं वाटणार नाही. ‘मला त्याच्यासोबत राहायचंय आणि तुला एकटं ठेवायची भीती वाटते’ हे दोन्ही एकदम सांग. मग तिला बोलायला वेळ दे, लागले तर चार दिवस. बोलली की रात्री दुखलंखुपलं तर कोणाला हाक मारायची, घराची दुसरी किल्ली कोणाकडे राहील, दवाखान्यात सोबत कोण जाईल, हे तिच्याच तोंडून ठरू दे. व्हिसाची तारीख त्यानंतर घे.