‘एवढं छान विणतेस, मग विकत का नाहीस?’

“मॅडम, हे सगळं करून उपयोग काय?”

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे तेवढे बदलतात. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा पेटी शिकायला लागले, आणि क्लासहून घरी येताना आपण काहीतरी चोरी करून आलोय असं त्यांना वाटतं. सीएचा अभ्यास करणारी एक मुलगी रात्री अर्धा तास चित्रं काढते आणि आईची चाहूल लागली की वही पालथी घालते. आपलं शहरही असं की माणूस मिनिटं मोजत जगतो, ८:१२ ची लोकल चुकली तर ८:१७ ची. जो वेळ हिशेबात बसत नाही तो इथे चैनच वाटणार.

मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर एका बाईंमुळे नीट कळलं. त्यांना मीनलताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

मीनलताई पन्नाशीला टेकलेल्या. राहायला मुलुंड पश्चिमेला, नोकरी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, अकाउंट्समध्ये. मुलगी पुण्यात शिकते. आल्या त्या झोप लागत नाही आणि चिडचिड होते म्हणून. डॉक्टरांनी थायरॉइड वगैरे तपासून घेतलं होतं, सगळं ठीक होतं. “आवडीचं काही करता का?” असं विचारल्यावर म्हणाल्या, “करायचे.”

करायच्या म्हणजे विणायच्या. सकाळच्या लोकलमध्ये. स्लोने जायच्या, कारण करी रोडला स्लोच थांबते. लेडीज डब्यात खिडकी मिळाली की पिशवीतून सुया निघायच्या. मग ऑफिसातल्या एकीने बाळासाठी टोपरं आणि मोजे मागितले, ते सगळ्यांना आवडले, आणि पाठोपाठ ते वाक्य आलं : एवढं छान विणतेस, मग विकत का नाहीस? भाचीने फोनवर पेज काढून दिलं. दिवाळीपर्यंत १४ सेट विकले गेले.

“मग?”

“मग मी हिशेब केला. एका सेटला ५ तास. लोकर ९० रुपयांची. विकला ३५० ला. म्हणजे तासाला ५२ रुपये.” त्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “त्या दिवसापासून सुया कपाटात आहेत. हातात घेतल्या की ५२ आठवतात.”

मी तेव्हा जे केलं ते आज सांगायला थोडी लाज वाटते. मी त्यांना एक तक्ता दिला. रोज २० मिनिटं विणायचं, फक्त स्वतःसाठी, आणि झालं की खूण करायची. मला वाटलं, किती सोपा, किती छान उपाय! तिसऱ्या भेटीला त्या तक्ता घेऊन आल्या. एकही दिवस चुकला नव्हता. शिवाय एक रकाना त्यांनी आपणहून वाढवला होता : किती ओळी विणून झाल्या. जीएसटीचं रिटर्न दाखवावं तसा तो कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला, आणि मी ‘वा!’ म्हणायच्या बेतात असताना त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ऑफिसात एक साहेब होते, आता दादरला दुसऱ्या मॅडम झाल्या. मी विणण्याचं औषध करून टाकलं होतं, आणि औषध म्हटलं की ‘उपयोग काय’ आलंच.

तक्ता मी फाडला नाही (नाटकं मला जमत नाहीत). घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हटलं, “पुढच्या वेळी नको.”

नंतरच्या दोन-तीन भेटी झोप, सासूबाईंचं पथ्य आणि मुलीचे फोन यांत गेल्या. मग एक दिवस कुठल्याशा तपासणीची तारीख बघायला त्यांनी फोन काढला आणि फोटोंचं पान उघडं राहिलं. एकाच डोंगराचे फोटो. वर सरकवलं तरी तोच डोंगर.

“हे काय आहे?”

“काही नाही हो.” त्यांनी फोन उलटा केला. “आमच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. सकाळी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा काढते एखादा. एकही धड नाहीये. डिलीट करायचेत.”

“किती आहेत?”

“अकराशेच्या वर असतील.”

अकराशे! मी म्हटलं, एक दाखवा. त्यांनी बोट फिरवलं, थांबवलं. मला दिसला तो राखाडी डोंगर आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी इमारतीची टाकी. त्या म्हणाल्या, “हा जूनमधला. पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. इथे बघा, ही पांढरी रेघ. आदल्या दिवशी नव्हती. धबधबा सुरू झाला.” मग पुढचा. “हा फेब्रुवारीतला, सगळं पिवळं पडलंय. आमच्याकडे डोंगर पश्चिमेला, म्हणून सकाळचं ऊन त्याच्या अंगावर पडतं आणि एकेक घळ मोजता येते. संध्याकाळी नुसता काळा पुठ्ठा. म्हणून मी संध्याकाळी काढतच नाही. पलीकडे तुळशी तलाव आहे, माहितीये ना तुम्हाला?” मुंबईत जन्म गेला, तरी मुलुंडच्या डोंगरापलीकडे काय आहे याचा मी कधी विचार केला नव्हता. १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल शहराच्या पोटात आहे हे आपण भूगोलात वाचतो आणि विसरतो.

वीस मिनिटं त्या बोलत होत्या. सहा भेटींत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता.

“हे कुणाला पाठवलेत?”

“कोणालाच नाही.”

“मग कोणासाठी काढलेत?”

त्या थांबल्या. “कोणासाठीच नाही,” म्हणाल्या, आणि लगेच, जणू कुणी पकडलंय अशा घाईने, “पण कपडे वाळत घालता घालताच काढते हं, वेगळा वेळ नाही घालवत.”

हे दुसरं वाक्य माझ्या कानाला लागलं. खुलासा कोणी मागितलाच नव्हता. मी विचारलं, “वेगळा वेळ घालवला असता तर कोण रागावलं असतं?”

बराच वेळ पंख्याचा आवाज. मग : “आई.”

मीनलताई लालबागच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. पगार थांबला. आईला विणकाम येत होतं. तिने एका ओळखीच्या दुकानासाठी स्वेटर विणायला घेतले. पोर उगाच बसलेली दिसली की आई म्हणायची, “हात चालला तर चूल चालते.” त्या घरात ते सुभाषित नव्हतं, खरोखरच चूल त्यावर चालत होती. आणि आता तीच मुलगी, ज्या भागात गिरण्या होत्या तिथल्याच एसीत बसून, बिनकामाच्या दहा मिनिटांचा खुलासा मला देत होती.

मी मनाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. त्यांच्याकडून मी शिकले ते एवढंच, की माणसाच्या डोक्यात एखादं ‘केलंच पाहिजे’ बसलेलं असतं आणि तो त्याला निसर्गनियम समजतो. एरवी मी त्या वाक्याशी वाद घातला असता : पुरावा काय, आज चूल बंद आहे का? पण हे वाक्य उपासमारीतून आलेलं होतं. त्याच्याशी वाद घालायला जीभ रेटली नाही. म्हणून वेगळंच विचारलं. तो प्रश्न सुचला याचं, खरं सांगते, मला अजून बरं वाटतं.

“आईने कधी कोणी न मागितलेलं काही विणलं का?”

“नाही.” मग, “एकदा. ट्रान्झिस्टरचं कव्हर. उरलेल्या लोकरीचे तुकडे जोडून, सतरा रंगांचं. कोणालाच नको होतं ते. बाबा म्हणाले, रेडिओला थंडी वाजते का?” त्या हसायला लागल्या, या वेळी खऱ्या. “आणि तिने ते तीनदा उसवलं. स्वेटरला टाका गळला तर ती खालून क्रोशाच्या सुईने उचलून घ्यायची, कधी उसवायची नाही, वेळच नसायचा. पण ते कव्हर... रंग आवडला नाही की उसवायची. गुणगुणत. मी विसरलेच होते.”

डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोलले नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि मनात तो तीनदा उसवणारा हात बघत बसले. दुकानाच्या स्वेटरला चूक परवडत नाही. रेडिओच्या कव्हरला वाट्टेल तितक्या परवडतात. अकराशे फोटोंचंही तेच होतं. धड आला नाही तरी उद्या सकाळी डोंगर तिथेच.

तेव्हापासून छंदाची चौकशी करताना मी ‘किती वेळ देता’ हे विचारत नाही. ‘शेवटचं कधी उसवलंत?’ असं विचारते. न विणणाऱ्यांनाही कळतं मी काय विचारतेय ते.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे विकायचंच नाही का? तसं नाही. गरज असेल तर जरूर विका, त्यात कमीपणा काही नाही. मीनलताईंच्या आईने विणलं म्हणून घर तरलं. पण बक्षिसाची अट लागली की आवड कशी आटते यावर एक जुना प्रयोग आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तो प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगितलं, काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी हीच मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही, किंवा न सांगता अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणून विकणाऱ्यांना मी सांगते की सुयांची एक जोडी वेगळी ठेवा, तिच्यावरचं काही विकायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. फोटोवाल्यांनी एक जागा अशी ठेवावी जिचे फोटो कुठे टाकायचे नाहीत.

उलट बाजूची मंडळीही भेटतात. विणल्याने मन शांत होतं म्हणे, असं वाचून लोकर घेऊन येतात. २०१३ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली होती, आणि वारंवार विणणाऱ्यांनी शांत, आनंदी वाटतं असं सांगितलं, हे खरं. पण विचारलं कोणाला, तर विणणाऱ्यांनाच! भजी आवडणाऱ्यांना भज्यांबद्दल विचारल्यासारखं झालं. तुम्हाला विणायला आवडत नसेल तर शांत वाटणार नाही, राग येईल. मला येतो. मीनलताईंमुळे मीही एकदा मफलर विणायला घेतला होता. ४० टाक्यांनी सुरू केला, हातभर झाल्यावर मोजले तर ३१. त्रिकोणी मफलर कपाटात आहे.

ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मीनलताईंकडून ऐकलेल्या काही गोष्टी. आपल्याकडे सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. नवख्याने ८ ची घ्यावी. लोकर फिकट रंगाची, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि लोकलच्या दिव्यात तर मुळीच नाहीत. मुंबईच्या घामाला सुती धागा बरा, लोकर बोटांना चिकटते. फोटोसाठी कॅमेरा लागत नाही. फोनमधल्या जाळीच्या रेघा चालू केल्या की क्षितिज तिरकं येत नाही. एसीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते, थोडं थांबा. समुद्रावर जाणार असाल, वांद्र्याच्या खडकांवर किंवा आणखी कुठे, तर भरतीची वेळ आधी बघा. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेच्या भरवशावर आज जाऊ नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर मुळीच नको.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. आवडीचं काहीच आवडेनासं झालंय, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, झोप-भूक गेली असेल, तर प्रश्न छंदाचा नाही. डॉक्टरांना किंवा आमच्यासारख्या कोणाला भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मोफत आहे. लोकर नंतर.

मीनलताईंची झोप सुधारली. आमच्या गप्पांमुळे किती आणि मुलीच्या परीक्षा संपल्यामुळे किती, मला सांगता येणार नाही. शेवटच्या भेटीला त्या विणता विणताच बोलत होत्या. काय होणार आहे विचारलं तर म्हणाल्या, “रुंदी ठरलीय. बाकी बघू.”

गेल्या जुलैत एका सकाळी त्यांचा मेसेज आला. फोटो उघडला तर पडदाभर पांढरं धुकं, त्यात दोरीवरच्या एका ओल्या टॉवेलचं टोक. खाली लिहिलं होतं : ‘आज डोंगर दिसला नाही. तरी काढला.’