सिग्नलला एसी गरम, घाटात इंजिन गरम: आजार दोन की एकच?

प्रश्न: नमस्कार सर, माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९० हजार किमी झालेत. मार्चपासून एसीचा त्रास सुरू झालाय, हायवेला मस्त गार करतो पण सिग्नलला दोन मिनिटं थांबलो की नुसता कोमट वारा. एसीवाल्याने गॅस कमी आहे म्हणून दोनदा गॅस भरला, फरक शून्य. त्यात मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे अडकलो तर टेंपरेचरचा काटा पार लालच्या जवळ गेला आणि एसी आपोआप बंद. वर जाऊन अर्धा तास थांबलो, मग कराडपर्यंत काहीच झालं नाही. आता एक गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकू, दुसरा म्हणतो हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, एसीचं काम वेगळं. काय करू? — एक वाचक, कराड

उत्तर: आधी एक सांगतो, आत्ता लगेच इंजिन खोलू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी मला दोन वाटतच नाहीत. तुमचंच पत्र परत वाचा, हायवेला एसी गार आणि इंजिनही ठीक, सिग्नलला एसी गेला, घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापलं. म्हणजे गाडी पळत असली की सगळं बरं, हळू झाली की बिघडतं. गाडी पळते तेव्हा समोरून वारा मिळतो, थांबते तेव्हा तो वारा फॅनने द्यायचा असतो. माझा पहिला संशय रेडिएटर फॅनवर आहे.

आता एसीचा याच्याशी काय संबंध, तर समोरची जाळी काढली की आधी दिसतो तो कंडेन्सर, एसीचा, आणि त्याच्या मागे चिकटून रेडिएटर, इंजिनचा, आणि बऱ्याच लहान गाड्यांत दोघांना मिळून फॅन एकच. फॅन बंद किंवा सुस्त असला की कंडेन्सरमधल्या गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर वाढत जातं आणि साधारण ३० बारच्या आसपास गेलं की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आपल्याला वाटतं गॅस संपला. आणि इंजिन जास्त तापलं तरीही गाडीचा कॉम्प्युटर इंजिनवरचा भार कमी करायला एसी कापतो, घाटात तुमचा एसी बंद झाला तो याच कारणाने झाला असणार, तो बिघाड नाही, गाडीने स्वतःला वाचवलं.

तपासायचं असं. गाडी सपाट जागी उभी करा, थंड असतानाच बॉनेट उघडा, स्टार्ट करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. हात, ओढणी, टाय काहीही जवळ नेऊ नका, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो. फॅन फिरलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच, तसाच हॉर्नला असला तर अदलाबदल करून बघता येतं, फुकट तपासणी), मग फॅनचं कनेक्टर बघा, जळून काळं पडलेलं असतं कधीकधी, आणि शेवटी वायरिंगवाल्याकडून मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघा. थेट दिल्यावर जोरात फिरला तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये नाहीतर प्रेशर स्विचच्या सिग्नलमध्ये आहे.

पण इथे एक गोष्ट बरेच मेकॅनिक सोडतात म्हणून मुद्दाम लिहितोय. फॅन 'फिरतो' एवढ्यावर समाधान मानू नका. अनेक गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि कमी स्पीड एका रेझिस्टरमधून मिळतो, तो जळला की कमी स्पीड बंद, जास्त स्पीड चालू. मग सिग्नलला एसी कोमट होतो पण काटा थोडा चढून फॅन जोरात आला की परत खाली येतो. तुमचा काटा लालपर्यंत गेला म्हणजे जोरातला स्पीडही मिळत नसावा, ९० हजारला मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात, अशी मोटर फिरते पण तिला दम नसतो. माझ्याकडूनही पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत हेच झालं, फॅन फिरताना बघितला, ठीक आहे म्हटलं आणि रेडिएटर काढायला घेतला, त्यांचे पैसे आणि दिवस दोन्ही वाया गेले, ते मला अजून लागतं.

फॅन खरंच जोरात असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट टॉर्चने बघा. पानं, किडे, चिखल यांचा थर तिथे साचतो आणि बाहेरून काही दिसत नाही. साध्या पाइपच्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्र्या वाकतात.

गॅसबद्दल आता. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर कुठेतरी लीक आहे आणि लीक न शोधता गॅस भरणं हे काम नव्हे. तुमच्यात दोनदा भरलाय म्हणजे आता जास्तही झाला असेल, जास्त गॅसनेही प्रेशर वाढतं, म्हणजे दुखण्यात भर. मशीनने सगळा गॅस काढायला सांगा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच वजन करून भरायला सांगा, पण फॅनचं काम झाल्यावर.

थर्मोस्टॅट काढून टाकणं मला बिलकुल पटत नाही. तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो, काढला तर इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. खराब असेल तर नवा टाका.

आणि हेड गॅसकेट? त्याची लक्षणं वेगळी असतात. कूलंट बाहेर कुठे गळत नसूनही कमी होत जाणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल कॅपखाली दुधाळ साय, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि वर अर्धा तास थांबून गाडी कराडपर्यंत नीट आली. तरी खात्री हवी तर कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येतोय का याची केमिकल टेस्ट असते, कम्प्रेशन टेस्ट असते, दोन्ही इंजिन न खोलता होतात. टेस्ट न करता खोलायला सांगणाऱ्याला आधी टेस्ट मागा.

सपाट हायवेला ८० च्या स्पीडलाही काटा चढायला लागला तर मात्र फॅन विसरा, तेव्हा कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, आतून चोक झालेला रेडिएटर हे बघायचं.

प्रश्न: घाटात गाडी तापली की हीटर फुल लावायचा असं मित्र म्हणतो, खरं का? — एक वाचक, पनवेल

उत्तर: खरंय. हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचीच उष्णता तो आत सोडतो. एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि पहिली सुरक्षित जागा मिळाली की थांबा. पण एक नीट लक्षात ठेवा, काटा लालला आणि हीटरमधून थंड वारा येतोय तर कूलंट संपलंय किंवा फिरत नाहीये, तेव्हा एक मिनिटही पुढे नेऊ नका. कूलंट पार गेलं की सेन्सर कोरडा पडून काटा खालीही येऊ शकतो, त्यावर विश्वास ठेवू नका. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं, झाकण सैल झालं की तोंडावर फवारा येतो, भाजलेले हात मी बघितलेत. निदान पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न: कूलंटऐवजी बोअरचं पाणी चालेल का? — एक वाचक, लातूर

उत्तर: नको. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि अ‍ॅल्युमिनियम खातात. कूलंट आणि पाण्याचं ५०-५० मिश्रण साध्या दाबालाही १०७ अंशाच्या आसपास उकळतं, त्यात झाकणाचा दाब मिळाला की १२५ च्या पुढे, शिवाय गंज थांबवणारी द्रव्यं त्यात असतात. रस्त्यात अडचण आली तर प्यायचं पाणी घाला, पण घरी आल्यावर सिस्टीम फ्लश करून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून घ्या, आणि भरताना हवा अडकलेली काढायला सांगा, नाहीतर नवीन कूलंट घालूनही काटा चढतो.