आधी फटी बुजव, मग कोड लिही

पंख्याने हवा देऊन कोळशाच्या ग्रिलचं तापमान राखणारा कंट्रोलर बनवतोयस, तर प्रोग्रॅमला हात लावण्याआधी ग्रिल नीट तपास. पंखा बंद असतानाही झाकणाच्या कडेतून हवा शिरत असेल, तर कोळसा फुलतच राहणार. कंट्रोलरला हवा वाढवता येते, ग्रिल थंड करता येत नाही, हे नवखे हमखास विसरतात. म्हणून १२ व्होल्टच्या ब्लोअरच्या तोंडाशी, पंखा थांबला की आपोआप मिटणारी हलकी झडप हवीच.

तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल (तारेसारखा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग कंट्रोलरला देणारं मॅक्स ६६७५ मॉड्यूल पुरेसं आहे. थर्मोकपलचं टोक जाळीच्या उंचीवर ठेव, पण थंड मांसाला खेटून नको. रीडिंग कमी येतं आणि पंखा उगाच फुंकत राहतो. पंखा मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) चालव, पंख्याच्या दोन टोकांमध्ये उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लाव.

पीआयडीच्या, म्हणजे तापमानातल्या फरकानुसार पंखा कमी-जास्त करणाऱ्या गणिताच्या, मागे पहिल्याच दिवशी लागू नकोस. आधी ११० अंश सेल्सिअस धरून साधं चालू-बंद करून बघ. निखारे किती सावकाश प्रतिसाद देतात ते त्यातच कळतं. पुढे पीआयडी घेशील तेव्हा खरी अडचण झाकणाची. ते उघडलं की तापमान झपकन पडतं, कंट्रोलरला वाटतं विस्तव विझतोय, इंटिग्रल (पीआयडीतली आजवरच्या फरकांची बेरीज) साचत जातो आणि झाकण लावल्यावर तापमान भलतंच वर उसळतं. माझे सुरुवातीचे बरेच प्रयोग इथेच फसले. अचानक घसरण दिसली की काही मिनिटं पंखा बंद आणि इंटिग्रल गोठवलेला, एवढी अट कोडमध्ये घालच.

आणि चाचणी उघड्यावरच कर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.